घरात कोणती भाषा बोलता?

तीन वर्षांपूर्वी मी लेकीकडे कॅलिफोर्नियात चार महिने राहून आले. नातू पाच वर्षांचा. बेंगळूरहून तिकडे जाऊन त्याला सहा महिने झाले होते आणि आता ऑगस्टमध्ये शाळा सुरू व्हायची होती. एका संध्याकाळी जेवणं दिवस मावळायच्या आत उरकून (तिकडे उन्हाळ्यात आठ वाजले तरी ऊन असतं, आमची चांगलीच सोय!) लेक शाळेचा फॉर्म भरायला बसली. त्यात चार प्रश्न होते. मूल बोलायला लागलं तेव्हा पहिल्यांदा कोणती भाषा शिकलं? घरात ते जास्त करून कोणती भाषा बोलतं? आईवडील त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलतात? घरातली मोठी माणसं कोणती भाषा बोलतात?

लेकीने चारही ठिकाणी 'इंग्रजी' लिहिलं.

"अगं, आत्ताच तर हा माझ्याशी लाडवासाठी भांडत होता. ते काय इंग्रजीत?"

"आई, तुला माहीत नाही. मराठी लिहिलं की लगेच परीक्षा घेतात. त्यात कमी पडला तर 'इंग्लिश लर्नर' म्हणून नाव लागतं, आणि एकदा लागलं की वर्षानुवर्षं निघत नाही. इथल्या आपल्या कितीतरी बायका सरळ इंग्लिश लिहून मोकळ्या होतात."

मी गप्प बसले. पण असला प्रश्न फॉर्ममध्ये घालावा असं कुणाला वाटलं असेल, हे डोक्यातून जाईना. बी.ए.ला माझा इतिहास होता. दुपारी घरात एकटीच असायची, तेव्हा जावयांनी वाचनालयातून पुस्तकं आणून दिली. हळूहळू वाचत गेले, अडलं तिथे त्यांना विचारलं.

मुळाशी निघाल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी आया. आमच्या लेकीच्या घरापासून गाडीने तासाभरावरचं गाव.

पहिली मेरी टेप. १८८४ साली तिने आपल्या मेमी नावाच्या आठ वर्षांच्या मुलीला जवळच्या सरकारी शाळेत नेलं. मुख्याध्यापिकेने दारातूनच परत पाठवलं, कारण मुलगी चिनी. मेमी अमेरिकेतच जन्मलेली, इंग्रजी बोलणारी. भाषेचा प्रश्नच नव्हता. आईबापांनी दावा लावला आणि १८८५ साली राज्याच्या वरिष्ठ कोर्टात जिंकलेसुद्धा. पण लगोलग कायदा बदलून चिनी मुलांसाठी वेगळी शाळा काढायची सोय करून घेतली गेली. मेमीला शेवटी तिथेच जावं लागलं. तेव्हा मेरीने शिक्षण मंडळाला एक खरमरीत पत्र लिहिलं, ते वर्तमानपत्रात छापून आलं. त्या पत्रात स्पेलिंगच्या चुका पुष्कळ आहेत. पण राग कुणालाही समजेल असा आहे.

दुसरी आई जवळजवळ नव्वद वर्षांनंतरची. मधल्या काळात चिनी लोकांना येण्याचीच बंदी होती, ती १९४३ साली उठली. १९६५च्या कायद्याने आशियातल्या लोकांना वाट मोठी झाली. आपली माणसं तिकडे गेली ती त्याच वाटेने. शाळेचं दार आता उघडं होतं. चिनी मुलं आत जाऊन बसत होती. पण शिक्षक काय बोलतात हेच त्यांना कळत नव्हतं.

लाऊबाई वकिलाकडे गेल्या त्या घरमालकाशी चाललेल्या वादासाठी. एडवर्ड स्टाइनमन नावाचा तरुण वकील होता. बोलता बोलता त्यांनी मुलाचं सांगितलं : किनी शाळेत जातो, पण त्याला काही समजत नाही. (आपणही डॉक्टरकडे गुडघ्यासाठी जातो आणि उठताना सुनेचं सांगतो, तसंच हे!) वकिलाने चौकशी केली, तर किनी एकटा नव्हता. इंग्रजी न येणारी २,८५६ चिनी मुलं त्या शहराच्या शाळांत होती. त्यातल्या सुमारे हजारांना इंग्रजीची जादा शिकवणी मिळत होती. उरलेली अठराशे नुसतीच बसून होती. शाळेत जाणं सक्तीचं, इंग्रजी आल्याशिवाय बारावीचं प्रमाणपत्र नाही, आणि ती शिकवायची व्यवस्था मात्र नाही.

१९७० साली दावा दाखल झाला. शाळेच्या बाजूचं म्हणणं ऐकायला अगदी न्याय्य वाटतं. सगळ्यांना तीच इमारत, तेच शिक्षक, तीच पुस्तकं, तोच अभ्यास. मग भेदभाव कुठे केला? खालच्या दोन्ही कोर्टांना हे पटलं. आपापल्या अडचणी घेऊनच प्रत्येक मूल शाळेत येतं, त्याला शाळा काय करणार, असा एकंदर सूर होता.

इथे मी पुस्तक मिटलं. मला आमचं बेळगावचं कॉलेज आठवलं.

दहावीपर्यंत मी मराठी शाळेत. कॉलेजात पहिल्याच दिवशी अर्थशास्त्राचे सर इंग्रजीतून सुरू झाले. आम्ही तीस-चाळीस मुली फळ्यावरचं जसंच्या तसं वहीत उतरवत होतो. एकदा सरांनी मला उभं केलं. उत्तर मला येत होतं, मराठीतून. तोंडातून शब्द फुटेना. "सिट डाउन," म्हणाले, आणि मग वर्षभर पुन्हा विचारलं नाही. सर वाईट नव्हते. सगळ्यांना सारखंच शिकवत होते. माझ्या शेजारी बसणारी खेड्यातली मैत्रीण दिवाळीनंतर आलीच नाही. 'हिला जमत नाही' असं घरी ठरलं आणि माघात तिचं लग्न झालं. वर्गात पहिली येणारी मुलगी होती ती.

२१ जानेवारी १९७४ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने लाऊबाईंच्या बाजूने एकमताने निकाल दिला. न्यायमूर्ती डग्लस यांनी लिहिलं त्याचा मतलब असा, की ज्याला भाषाच कळत नाही त्याला तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समानता होत नाही. उपाय कोणता करायचा, हे कोर्टाने शाळांवर सोडलं. मुलांना इंग्रजी शिकवा, नाहीतर चिनीतून शिकवा, किंवा आणखी काही करा. त्यानंतर कुठल्या मुलाला मदत हवी हे आधी शोधणं आलं, आणि त्यासाठी घरची भाषा विचारणं आलं. माझी लेक ज्यात खोटं लिहीत होती तो फॉर्म त्या वाटेने आलेला.

मात्र याच निकालात न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी एक वेगळी नोंद जोडली आहे. इथे मुलं अठराशे आहेत म्हणून मी सहमत आहे. एखादंच मूल असतं तर कदाचित नसतो, असा तिचा अर्थ. ते वाचून माझ्या पोटात कालवलं. नातवाच्या वर्गात मराठी बोलणारा तो एकटाच असणार होता. १९५६ साली आपल्या घटनेत ३५० अ कलम आलं, भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून. त्याच वर्षी आमचं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासून आम्ही मुलांची संख्याच मोजत आलोय. पट कमी झाला की मराठी वर्गाचं काय होतं, हे बेळगावच्या बाईला अमेरिकेत जाऊन शिकावं लागत नाही.

लेकीचं म्हणणंही अगदी खोटं नव्हतं. सहा-सहा वर्षं त्या यादीतून बाहेर न पडणारी मुलं कॅलिफोर्नियात इतकी आहेत, की त्यांच्यासाठी कायद्यात वेगळा शब्दच केलाय. शिवाय धोरणही एक राहिलं नाही. १९९८ साली मतदान घेऊन मुलांना त्यांच्या भाषेतून शिकवणं जवळजवळ बंद केलं, २०१६ साली पुन्हा मतदान घेऊन ते मोकळं केलं. मधल्या मुलांचं काय झालं असेल ते त्यांच्या आयांनाच ठाऊक.

हे सगळं मी लेकीला भाजी निवडता निवडता सांगितलं. मैत्रिणीचंही सांगितलं, ते तिला पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी फॉर्म पाहिला तर पहिल्या प्रश्नापुढचं 'इंग्रजी' खोडून तिने 'मराठी' लिहिलं होतं. बाकीचे तीन तसेच.

तेवढंही पुरलं. परीक्षा झाली, नाव लागलं, आणि तीन वर्षं झाली, अजून निघालेलं नाही. दर वसंतात पुन्हा परीक्षा असते. "तुझ्या त्या लाऊबाईंना सांग, आता तरी याला सोडवा म्हणावं," असं लेक फोनवर म्हणते. कधी हसत, कधी खरंच चिडून. नातू मात्र त्या रोजच्या अर्ध्या तासाच्या तासिकेवर खूश आहे. तिथे एक चिनी मुलगा आहे, दोन स्पॅनिश बोलणारी मुलं आहेत, एक तेलुगू मुलगी आहे, आणि तिथे, तो म्हणतो, सगळ्यांचंच इंग्रजी चुकतं.