गिरणगावच्या खानावळी आणि १९८२ चा संप



१९८२ चा गिरणी संप म्हटलं की डॉ. दत्ता सामंत आठवतात, थांबलेले भोंगे आठवतात, सुमारे अडीच लाख कामगार आठवतात. या संपाची झळ आणखी कुणाला बसली, ते आज पाहू. मी बोलतोय खानावळवाल्या बायकांबद्दल.

लालबाग, परळ, वरळीच्या चाळींमध्ये कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो पुरुष एकटे राहायचे. बायकामुलं गावी. एका खोलीत दहा-पंधरा जण. गिरणीच्या तीन पाळ्या, त्यामुळे झोपायच्याही पाळ्याच. मग जेवण? शेजारची एखादी बाई आपल्या एका खोलीच्या संसारातच पंधरा-वीस जणांचा स्वयंपाक करायची. पहिल्या पाळीच्या माणसांसाठी पहाटेच स्टोव्ह पेटायचा.

जेवणाचे पैसे मिळायचे पगार झाल्यावर. तोवर वाण्याकडे उधारी आणि सावकाराचं व्याज. यातून सुटका व्हावी म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळवून दिली. तारण ठेवायला काही नसलेल्या बाईला बँकेनं दारात उभं करणं, ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती.

आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. मी सल्लागार म्हणून धंद्यांचे हिशेब पाहतो, त्यामुळे यातला धोका लगेच दिसतो: सगळी गिऱ्हाइकं एकाच उद्योगातली आणि सगळा व्यवहार उधारीचा. पगार थांबले. महिने गेले तसे कामगार गावी परतले. जेवणारेही गेले आणि थकलेले पैसेही. या बायका कुठल्याच गिरणीच्या हजेरीपटावर नव्हत्या, त्यामुळे भरपाई मागायची तरी कुणाकडे?

तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. पुढे गिरण्यांच्या जागी मॉल आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या. काही चिमण्या अजून दिसतात. खानावळींची खूण मात्र शोधावी लागते.

आपणही पोटासाठी घर सोडून आलेली माणसं. तुमच्या घरात कुणी गिरणीत असेल, तर या रविवारच्या फोनवर एवढं विचारा: "तुम्ही जेवायला कुणाकडे होतात?" त्या बाईचं नाव मिळालं, तर लिहून ठेवा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!