हितगुजाची तार

मुंबईतल्या आपल्या कॉटन ग्रीनचं नाव फिरत फिरत इथं आलं. कापसाचा बाजार आधी फोर्टातल्या हिरवळीवर भरे, पुढं कुलाब्याला. 1920च्या दशकात तो शिवडीच्या बाजूला आला आणि नावालाही घेऊन आला. न्यूयॉर्कच्या कापसाचे उघडते-बंद भाव तेव्हा तारेनं मुंबईत येत. 1961 पर्यंत त्यांवर आकडे लागत आणि कित्येक घरांची झोप उडे.

तारेनं माणसाचा जीव शांत करण्याची खटपटही त्याच काळातली. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठात डॉ. सेसिल विटसन यांनी 1959 मध्ये दोन्हीकडून दिसेल-ऐकू येईल असा टीव्ही जोडून समूह-उपचार केले. 1964 मध्ये 112 मैलांवरचं नॉरफोकचं मनोरुग्णालय याच पद्धतीनं जोडलं. ‘टेलिसायकिअ‍ॅट्री’ हा शब्द डॉ. थॉमस ड्वायर यांच्या 1973च्या लेखानं रूढ केला.

मुंबईत मनाचा डॉक्टर माणसाच्या जवळ यायला त्याआधीच सुरुवात झाली होती. 1938 मध्ये जे. जे. रुग्णालयात डॉ. के. के. मसानी यांनी मानसोपचाराची ओपीडी सुरू केली. मनाच्या दुखण्यासाठी वेड्यांच्या इस्पितळाची पायरी चढावीच लागेल, असं राहिलं नाही. पुढं कॉटन ग्रीनपासून जवळच, परळच्या केईएममधून फोनवरची मदत सुरू झाली. तिचं नाव ‘हितगुज’. यातलं ‘गुज’ आलं ‘गुह्य’वरून: मनात जपलेलं, एखाद्यालाच सांगायचं.

25 मार्च 2020 रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, केंद्र सरकारचे टेलिमेडिसिनचे, म्हणजे दुरून उपचाराचे, नियम आले. काही औषधं पहिल्या भेटीत लिहून द्यायची तर रुग्णाला व्हिडिओवर पाहिलंच पाहिजे, असं त्यांत आहे. मानसोपचारात तर चेहरा पडलाय का, हात थरथरतात का, बोलता बोलता नजर कुठं जाते, हे सगळं निदानात मोजलं जातं. 10 ऑक्टोबर 2022 रोजी ‘टेली-मानस’ ही मनाच्या दुखण्यासाठीची सरकारी फोनसेवा आली. 2024 मध्ये त्याच दिवशी, आधी मोजक्या राज्यांत, तिच्यात व्हिडिओ कॉलही आला.

आता आपल्या चाळीतली दहा बाय बाराची खोली डोळ्यांसमोर आणा. सासूबाई टीव्हीसमोर, मुलगा अभ्यासाला, कुकरची शिट्टी. सुनेनं फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलाय. पलीकडून प्रश्न येतो, “झोप लागते का?” ती दाराकडं बघते आणि म्हणते, “हो, लागते.” खरं उत्तर ओठांवर येऊन परत जातं.

चित्र स्पष्ट आहे, आवाज स्वच्छ आहे. पण गुज सांगायला एकांत नाही. तो नेटवर्क देऊ शकत नाही, घरच्यांनीच द्यायचा असतो. म्हणून एवढंच सांगणं: घरातलं कुणी डॉक्टरांशी बोलणार असेल तर अर्धा तास गॅलरीत किंवा खाली कट्ट्यावर जाऊन बसा, दार ओढून घ्या, आणि नंतर “काय बोललीस गं?” असं विचारू नका. आणि स्वतःला बोलावंसं वाटलं तर 14416 हा टेली-मानसचा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू आहे, आणि तिथं मराठीत बोलता येतं.