विचारसरणीचा रकाना

निवडणुकीचा अर्ज भरताना उमेदवाराला नमुना 26 चं शपथपत्र जोडावं लागतं. उत्पन्न, गुन्हे, जमीन, सोनं, कर्ज, शिक्षण असा सगळा संसार त्यात मांडलेला असतो. पण सुरुवातीलाच एक ओळ येते: अमुक पक्षाने उभा केलेला उमेदवार किंवा अपक्ष, यातलं लागू नसेल ते खोडा. शिरूर आणि दौंड तालुक्यांतलं गेल्या पंधरा-वीस वर्षांचं राजकारण कागदांवरून जुळवायला बसलं की मालमत्तेच्या तक्त्यांपेक्षा ही एकच ओळ जास्त बोलते.

दौंडचंच घ्या. 2009 मध्ये राहुल कुल राष्ट्रवादी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार होते. त्यांना पाडलं रमेशआप्पा थोरात यांनी, अपक्ष म्हणून. थोरात परके नव्हते. जिल्हा बँकेच्या राजकारणात मुरलेले, त्याच वर्तुळातले. 2014 ला कुल राष्ट्रीय समाज पक्षाकडून आले आणि जिंकले. थोरात आता राष्ट्रवादीचे. 2019 ला कुल भाजपचे, थोरात राष्ट्रवादीचेच, आणि कुलांच्या विजयाचा फरक 746 मतांचा. एखाद्या मोठ्या गावातल्या बूथची मतदारयादीही याहून लांब असते. 2023 मध्ये राष्ट्रवादी फुटल्यावर थोरात आधी अजित पवारांकडे राहिले. 2024 ला महायुतीत दौंडची जागा भाजपला जाणार हे दिसल्यावर ते शरद पवारांकडे आले, लढले आणि 13,889 मतांनी हरले. चार निवडणुका, दर वेळी समोरासमोर तीच दोन नावं, पक्षाच्या जागी मात्र शब्द बदलत गेलेले. दौंडात कुणी ‘कोणत्या पक्षाचा’ असं फारसं विचारत नाही, ‘कोणत्या गटाचा’ असं विचारतात. कुल गट, थोरात गट. एकाच्या पाठीशी पाटसचा भीमा कारखाना, दुसऱ्याच्या पाठीशी जिल्हा बँकेतली वर्षं.

भीमा ओलांडली की शिरूर तालुका. लोकसभेच्या नकाशात नदीच्या या बाजूचं दौंड बारामतीत आणि त्या बाजूचं शिरूर त्याच नावाच्या मतदारसंघात. 2023 मध्ये राष्ट्रवादी फुटली, तेव्हा पवार घराण्यातली भेग बारामतीत दिसली आणि संघटनेतली शिरुरात.

आता या पक्षाच्या मूळ कागदाकडे जाऊ. 15 मे 1999 ला शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांनी सोनिया गांधींना पत्र लिहिलं. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान ही पदं जन्माने भारतीय असलेल्यांनाच मिळावीत, ही त्यातली मागणी. पाच दिवसांत तिघांना काँग्रेसने काढलं आणि 10 जूनला राष्ट्रवादी काँग्रेस हा नवा पक्ष उभा राहिला. डाव्या-उजव्याचा, शेतीमालाच्या भावाचा किंवा सहकाराच्या धोरणाचा वाद हे त्या फुटीचं कारण नव्हतं. ज्या मुद्द्यावर पक्ष जन्मला तो चार महिन्यांत बाजूला पडला: ऑक्टोबरमध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात राष्ट्रवादी काँग्रेसबरोबर बसली. गंमत अशी की याआधी पवार ज्या पक्षाचे अध्यक्ष होते, त्याच्या नावातच कंसात विचारसरणी होती: काँग्रेस (समाजवादी). 1985 च्या विधानसभेत त्यांना 54 जागा मिळाल्या. 1986 च्या डिसेंबरात तो पक्ष काँग्रेसमध्ये विलीन झाला आणि कंसही गेला.

फुटलेल्या पक्षात खरा कोण हे ठरवताना निवडणूक आयोग तीन कसोट्या लावतो. पक्षाच्या ध्येयधोरणांना कोण धरून आहे, पक्षाच्या घटनेप्रमाणे कोण चाललं आणि बहुमत कुणाकडे. या कसोट्या 1969 च्या काँग्रेस फुटीतून आल्या. एकीकडे बँकांचं राष्ट्रीयीकरण करून समाजवादाची भाषा बोलणाऱ्या इंदिरा गांधी, दुसरीकडे पक्षातल्या जुन्या नेत्यांचं सिंडिकेट. विचारांवरून पक्ष फुटला म्हणायला याहून सोपं उदाहरण कुठलं? पण जानेवारी 1971 मध्ये आयोगाने आणि नोव्हेंबरमध्ये सादिक अली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कागद तपासले, तर समाजवादी राज्याचं जे ध्येय काँग्रेसच्या घटनेत लिहिलं होतं ते दोन्हींपैकी कुणीच उघड नाकारलेलं नव्हतं. शेवटी डोकी मोजावी लागली.

6 फेब्रुवारी 2024 चा राष्ट्रवादीवरचा आदेश वाचताना ते जुनं प्रकरणच पुन्हा वाचल्यासारखं वाटतं. ध्येयधोरणांवरून काही ठरलं नाही. शाहू, फुले, आंबेडकर दोन्ही व्यासपीठांवर होतेच. घटनेच्या कसोटीवरही काही ठरलं नाही, कारण दोन्ही बाजू घटना आणि अंतर्गत निवडणुका गुंडाळून चालल्याचं आयोगाला दिसलं. संघटनेतल्या बहुमताचा शरद पवार गटाचा दावा तारखांच्या विसंगतीत अडकला. उरले आमदार-खासदार: एकूण 81. अजित पवारांकडून 57 जणांची शपथपत्रं, शरद पवारांकडून 28 जणांची. बेरीज 85 भरते. छपाईची चूक नाही ही. पाच आमदार आणि एका खासदाराने दोन्हीकडे शपथपत्र दिलं होतं. ते सहा वजा केले तरी 57 चे 51 उरतात, आणि घड्याळ हे पक्षाचं चिन्ह अजित पवारांकडे गेलं. नऊ दिवसांनी विधानसभा अध्यक्षांनी 53 पैकी 41 आमदारांच्या जोरावर तोच कौल दिला.

माझ्या मते त्या आदेशातला सगळ्यात मोलाचा पुरावा म्हणजे ही दुहेरी शपथपत्रं. दोन्हीकडे नोटरीचा शिक्का, दोन्हीकडे सत्यप्रतिज्ञा. याला लबाडी म्हणून सोडून देता येईल, पण मला तो प्रामाणिकपणाही वाटतो. दोन पक्षांत निवड करण्यासारखा फरक ज्याला दिसत नाही, त्याने दोन्हीकडे सही केली.

कायदा मात्र विचारसरणीचा आग्रह धरतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 29-अ प्रमाणे नोंदणी हवी असेल, तर समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवरची निष्ठा पक्षाच्या घटनेत लिहावीच लागते. म्हणजे कागदोपत्री घड्याळही समाजवादी, शरद पवारांची तुतारीही आणि भाजपचं कमळही.

शिरूर लोकसभेत 2024 ला दोन राष्ट्रवादी समोरासमोर आल्या. शरद पवारांकडून डॉ. अमोल कोल्हे, अजित पवारांकडून शिवाजीराव आढळराव पाटील. दोघेही आधी शिवसेनेत होते. कोल्हे 2019 च्या निवडणुकीच्या तोंडावर राष्ट्रवादीत आले आणि त्यांनी आढळरावांना 58,483 मतांनी हरवलं. आढळराव मार्च 2024 मध्ये अजित पवारांकडे आले. मतदारसंघातले बहुतेक आमदार महायुतीत, शिरूरचे अशोक पवार तेवढे शरद पवारांबरोबर. तरीही कोल्हे 1,40,951 मतांनी निवडून आले. बारामतीत सुप्रिया सुळे 1,58,333 मतांनी. तिथे एका अपक्षाला ट्रम्पेट हे चिन्ह मिळालं होतं. मराठीत त्याचं नाव छापलं गेलं ‘तुतारी’, आणि त्याला 14,917 मतं पडली. सुळे यांच्या पक्षाचं चिन्ह होतं ‘तुतारी वाजवणारा माणूस’.

सहा महिन्यांत शिरूर विधानसभेचा निकाल पार उलटा लागला. ज्ञानेश्वर ऊर्फ माउली कटके काही दिवसांपूर्वीपर्यंत ठाकरेंच्या शिवसेनेत होते. घड्याळावर उभे राहून त्यांनी अशोक पवारांना 74,550 मतांनी हरवलं. प्रचारात न्हावऱ्याचा घोडगंगा कारखाना होता, त्याचं थांबलेलं गाळप होतं. तो कारखाना अशोक पवारांच्या वडिलांच्या, रावसाहेबदादांच्या नावाचा. उन्हाळ्यातलं मत थोरल्या साहेबांसाठी, म्हणजे शरद पवारांसाठी होतं आणि हिवाळ्यातलं उसाच्या बिलासाठी, असा अर्थ मी लावतो. डावं-उजवं यात शोधायचंच असेल तर ते कारखान्याच्या काट्यावर शोधावं लागेल.

2024 च्या प्रचारपत्रकांवर आणखी एक ओळ होती. सर्वोच्च न्यायालयाने 19 मार्चला अजित पवार गटाला तशी अट घातली होती. दहा वाजून दहा मिनिटं दाखवणारं घड्याळ, त्याखाली उमेदवाराचा हात जोडलेला फोटो, आणि या सगळ्याबरोबर मतदाराला सांगायचं की हे चिन्ह न्यायप्रविष्ट असून अंतिम निकालाच्या अधीन राहून वापरलं जात आहे.