मांडीवरील स्टील गिटार: घरगुती घडण आणि श्रेयाचा प्रश्न

प्रस्तावना

वाद्यांचा इतिहास लिहिताना नामांकित कारागीर, कारखाने आणि पेटंटचे दस्तऐवज यांवर प्रामुख्याने भर दिला जातो. त्यामुळे ज्यांनी वाद्य वाजवता वाजवता ते बदलले, त्या वादकांचा वाटा दुर्लक्षित राहतो. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी दांडा सरकवत वाजवली जाणारी स्टील गिटार हे याचे ठळक उदाहरण होय. या वाद्याच्या विकासातील निर्णायक बदल प्रथम घरात, शाळेच्या कार्यशाळेत किंवा वादकाच्या हातून घडले. कारखान्यांनी ते नंतर स्वीकारले. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने या वाद्याचा आढावा घेतला आहे.

हवाईतील उगम

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मेक्सिकन गुराख्यांबरोबर गिटार हवाई बेटांवर पोहोचली. स्थानिक वादकांनी तारा सैल करून त्या आपल्या पद्धतीने मिळवल्या. कोणतीही तार न दाबता सर्व तारा छेडल्या असता एक सुसंवादी स्वरसमूह उमटावा, अशी ही रचना होती. तारांवर एकच दांडा आडवा ठेवून वादन करणे यामुळेच शक्य झाले.

या शोधाचे श्रेय सर्वसाधारणपणे ओआहू बेटावरील लाइए येथील जोसेफ केकुकू (१८७४–१९३२) यास दिले जाते. रुळांवरून चालत असता सापडलेला बोल्ट तारांवर घासून त्यास हा नाद गवसला, अशी कथा प्रचलित असून त्यासाठी १८८५ हे वर्ष सांगितले जाते. तथापि, ओआहूवरील सार्वजनिक रेल्वेसेवा १८८९ मध्ये सुरू झाली. मळ्यांतील लहान रुळांची शक्यता गृहीत धरली, तरी ही कथा जशीच्या तशी स्वीकारणे इतिहासदृष्ट्या योग्य ठरत नाही. केकुकूने फणी, चाकूची पाठ अशा वस्तू वापरून पाहिल्या, कामेहामेहा शाळेच्या कार्यशाळेत पोलादी दांडा घडवला आणि तारा पट्टीपासून उंच उचलल्या, हा वृत्तान्त अधिक महत्त्वाचा आहे. येथे शोध एका क्षणात लागलेला नसून तो प्रयोगांतून सिद्ध झालेला दिसतो.

या श्रेयाचे अन्य दावेदारही आहेत. त्यांपैकी गॅब्रिएल डेव्हिऑन हा मूळचा भारतात जन्मलेला खलाशी होता, असे सांगितले जाते. विचित्र वीणा व गोट्टुवाद्यम या भारतीय वाद्यांतही तारांवरून गोटा किंवा तत्सम वस्तू सरकवली जाते. परंतु केवळ या साम्यावरून स्टील गिटारचा उगम भारतात ठरवणे म्हणजे एका दुर्लक्षित समाजाचे श्रेय दुसऱ्याने घेणे होय. १८९३ मध्ये हवाईचे राज्य उलथवले गेले आणि १८९८ मध्ये ती बेटे अमेरिकेत विलीन करण्यात आली. राज्य गमावलेल्या या समाजाच्या हाती राहिलेल्या मोजक्या गोष्टींत हे वादन होते, याचे भान ठेवणे आवश्यक आहे. केकुकूने १९०४ मध्ये हवाई सोडले व हे वादन अमेरिका आणि युरोपात नेले. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनानंतर ते अमेरिकेत अत्यंत लोकप्रिय झाले.

विद्युत गिटारची घडण

मोठ्या वाद्यवृंदात गिटारचा आवाज दबून जाई. यावर उपाय शोधताना जॉर्ज बोशाम्प या वादकाने घरीच प्रयोग आरंभले. लाकडाच्या साध्या ठोकळ्यावर तार ताणून त्याने चुंबकाच्या साहाय्याने तारेच्या कंपनाचे विद्युतलहरीत रूपांतर केले. तारेचे वेटोळे गुंडाळण्यासाठी त्याने कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर वापरली, असे नमूद केले जाते. १९३१ मध्ये हॅरी वॉटसन याने लाकडी नमुना तयार केला. १९३२ पासून अॅडॉल्फ रिकनबॅकर याच्या सहकार्याने अॅल्युमिनियमचे वाद्य विक्रीस आले. गोल आकार व लांब दांडा यांमुळे ते ‘फ्राइंग पॅन’ म्हणून ओळखले जाऊ लागले. पेटंटसाठी १९३४ मध्ये अर्ज करण्यात आला. मात्र ते १९३७ मध्ये मिळाले. तोवर इतर उत्पादकांनी अशीच वाद्ये बाजारात आणली होती. जगातील पहिली यशस्वी विद्युत गिटार ही मांडीवरील स्टील गिटार होती, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे.

घरगुती घडण का शक्य झाली?

याचे कारण वाद्याच्या रचनेत आहे. साध्या गिटारमध्ये तार पडद्यावर दाबली जाते. त्यामुळे पडदा किंचित चुकला तरी स्वर बेसूर होतो. शिवाय मान हाताच्या पकडीस योग्य अशी घडवावी लागते. स्टील गिटारमध्ये तार दाबली जात नाही व मान पकडलीही जात नाही. पडद्यांच्या जागी केवळ रेघा आखलेल्या असतात आणि अंतिम निर्णय कानाचा असतो. तारेची लांबी ५७ सेंटिमीटर धरल्यास व मोकळी तार षड्ज मानल्यास, एक चतुर्थांश अंतरावर, म्हणजे सुमारे १४.२५ सेंटिमीटरवर मध्यम, एक तृतीयांशावर, म्हणजे १९ सेंटिमीटरवर पंचम आणि मध्यावर, २८.५ सेंटिमीटरवर तार षड्ज मिळतो. विद्युत वाद्यास पोकळ पेटीचीही गरज नसते. जाड सपाट फळी, सहा खुंट्या, दोन्ही टोकांना तारा टेकण्यासाठी उंच पट्ट्या आणि एक पिकअप एवढ्या साहित्यात वाद्य उभे राहते.

भारतातील रूपांतर

भारतात हे वाद्य हवाईयन कलावंतांमार्फत रुजले. टाउ मो यांचे १९४० च्या दशकात कोलकात्यात वास्तव्य होते. मुंबईत व्हॅन शिप्ले यांनी आठ तारांची विद्युत गिटार वापरून हिंदी चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका गाजवल्या. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटारवर रागसंगीताची मांडणी केली. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांचा सहभाग होता. विश्वमोहन भट्ट यांनी चिकारी व तरफेच्या तारा जोडून ‘मोहनवीणा’ सिद्ध केली आणि १९९४ मध्ये त्यांना राय कूडर यांच्यासह ग्रॅमी पुरस्कार मिळाला. दांड्याने स्वर अखंड सरकत असल्याने मींड व गमक यांना हे वाद्य अनुकूल ठरले. येथेही बदलाची प्रेरणा वादकाच्या गरजेतूनच आली.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, पेटंट हे एका टप्प्याची नोंद करते. वाद्याचा समग्र इतिहास त्यातून कळत नाही. केकुकूच्या दांड्याचे पेटंट नव्हते, परंतु त्याखेरीज बोशाम्पच्या वाद्यास प्रयोजनच उरले नसते. घरी बनवलेली वाद्ये कमी मोलाची समजून टाकून दिली जातात व त्यांबरोबर त्यांच्या कर्त्यांची नावेही लोप पावतात. संग्रहालयांनी व अभ्यासकांनी अशा वाद्यांची, त्यांवरील रेघांची आणि दुरुस्तीच्या खुणांची नोंद घेतल्यास संगीताच्या इतिहासातील श्रेयाची वाटणी अधिक न्याय्य होऊ शकेल.