कूलिनची धार

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ स्काय नांवाचें एक बेट आहे. त्याच्या दक्षिण भागांत, समुद्राला जवळजवळ लागूनच, कूलिन पर्वताची काळी रांग घोड्याच्या नालासारखी वळत गेलेली दिसते. केवळ उंची पाहूं गेल्यास तिचें कौतुक करण्यासारखें कांहीं नाहीं. तिचें सर्वांत उंच शिखर अवघें ९९२ मीटर भरतें; आपलें कळसूबाई १६४६ मीटर आहे. परंतु कळसूबाईच्या माथ्यावर देवीचें देऊळ बांधण्याइतकी जागा तरी आहे! कूलिनचा माथा म्हणजे सुमारें ११ किलोमीटर लांबीची एक दांतेरी धार. ती कोठें हातभर रुंद, कोठें मधेंच तुटलेली, आणि दोन्ही बाजूंना खोल दऱ्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावयाचें तर चढउतार करतां करतां एकंदर तीन हजार मीटरांच्या आसपास चढाव अंगावर येतो.

या धारेची घडण समजल्याखेरीज तिचा इतिहास नीट उमगत नाहीं. सुमारें सहा कोटि वर्षांपूर्वीं येथें ज्वालामुखी धुमसत होता. त्याच्या पोटांतील शिलारस खोल जागीं सावकाश थिजला आणि त्याचा गॅब्रो नांवाचा भरड, खडबडीत खडक झाला. पुढें त्याच्या भेगांतून जो रस घुसला तो लवकर निवाला; त्याचा बेसाल्ट झाला. सह्याद्रीचा काळा पाषाण याच जातीचा. गॅब्रोवर बुटाचा तळ घट्ट बसतो. मात्र बोटांची कातडी दिवसभरांत सोलून निघते. बेसाल्टच्या पट्ट्या लवकर झिजतात, आणि त्या झिजल्या तेथें धारेंत खोल बेचकीं पडलीं आहेत. शिवाय हा दगड भिजला कीं शेवाळलेल्या घाटासारखा निसरडा होतो. भरीस भर म्हणून या खडकांत चुंबकत्व आहे. धुकें उतरलें, आणि आतां होकायंत्राचा आधार घ्यावा असें वाटलें, कीं नेमकी तेव्हांच त्याची सुई भलती दिशा दाखविते.

नोंद झालेलें पहिलें आरोहण इ. स. १८३६ मधील. एडिंबरोचे प्राध्यापक जेम्स डेव्हिड फोर्ब्स हे त्या वर्षीं स्गूर नान गिलियन या शिखरावर पोंचले. त्यांना वर नेणारा होता डंकन मॅकिंटायर नांवाचा तेथलाच एक वनरक्षक. इतिहासांत पहिलेपणाचा मान बहुधा लिहिणाऱ्याच्या पदरांत पडतो. वाट शोधणारा कंसांत राहतो. पुढें १८७३ सालीं स्कायचेच सुपुत्र अलेक्झांडर निकल्सन यांनीं एका धनगराला बरोबर घेऊन रांगेंतील सर्वोच्च शिखर गांठलें, आणि अलेक्झांडरचें गेलिक रूप जें अलास्डर, तेंच त्या शिखराचें नांव झालें. १८८० सालीं चार्ल्स आणि लॉरेन्स पिल्किंग्टन हे बंधु ‘अगम्य सुळका’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पात्यासारख्या पातळ खडकावर चढले. सुळका गम्य झाला, पण नांव अगम्यच राहिलें!

परंतु कूलिनच्या कथेचे खरे नायक दोन. जॉन मॅकेंझी हा स्कॉन्सर गांवचा एक साधा बेटकरी. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास, १८७० सालीं, तो एका अनारोहित शिखरावर गेलेल्या तुकडींत होता. पुढें वाटाड्याचें काम हाच त्याचा व्यवसाय झाला. दुसरे नॉर्मन कोली. हे लंडनला रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १८८६ सालीं ते स्कायला आले ते मासे धरण्यासाठीं. कड्यावर चढणारीं माणसें त्यांनीं पाहिलीं आणि गळ बाजूला राहिला. या जोडीनें धारेंतील बेचकीं, चिरा आणि अरुंद पायवाटा एकेक करून उलगडल्या. सरकारी नकाशे अपुरे होते, तेव्हां शिखरांच्या उंचीचीं मापें कोलींनीं स्वतः घेतलीं. आज त्या रांगेंत एक शिखर मॅकेंझीच्या नांवाचें आणि एक नॉर्मनच्या नांवाचें आहे. हा न्याय डोंगराच्या इतिहासांत विरळाच. मॅकेंझी १९३३ सालीं वारला. कोलींनीं आपलीं अखेरचीं वर्षें डोंगराच्या पायथ्याशीं स्लिगाखनच्या खाणावळींत काढलीं आणि १९४२ मध्यें देह ठेवला. स्ट्रुआनच्या दफनभूमींत दोघांच्या समाधि शेजारीं शेजारीं आहेत.

हिंदुस्थानचा संबंधहि या कथेंत येतो. १८९५ सालीं नंगा पर्वतावर ममरी, रघुवीर थापा आणि गमनसिंग हे तिघे नाहींसे झाले, त्या मोहिमेंत कोली होते. त्याच मोहिमेंत कांहीं काळ असलेले गुरखा पलटणीचे अधिकारी ब्रूस यांनीं १८९९ मध्यें हरकबीर थापा या गुरख्याला स्कायला आणलें. कूलिनसमोरच्या ग्लामेग नामक ७७५ मीटर उंच डोंगरावर तो स्लिगाखनहून अनवाणी धांवत गेला आणि परतला. एकूण वेळ ५५ मिनिटें! हा विक्रम अनेक दशकें अबाधित होता.

संपूर्ण धार एका दमांत ओलांडण्याचें काम मात्र बराच काळ कोणास साधलें नव्हतें. १० जून १९११ रोजीं शॅडबोल्ट आणि मॅक्लॅरन हे दोघे पहाटे साडेतीनच्या सुमारास ग्लेन ब्रिटलहून निघाले आणि रात्रीं साडेआठच्या आधीं स्लिगाखनला उतरले. प्रत्यक्ष धारेवर त्यांना सव्वाबारा तास लागले. उत्तरेकडील जूनच्या लांबलचक दिवसाचा त्यांना मोठा आधार होता. उन्हाळ्यांत त्या धारेवर छळते ती तहान. वर पाण्याचा ठिपूसहि मिळणें कठीण. १९२० सालीं हॉवर्ड समरवेल यांनीं हाच प्रवास एकट्यानें केला. हेच समरवेल पुढें एव्हरेस्टवर गेले, आणि नंतर त्रावणकोरांत नेय्यूरच्या रुग्णालयांत त्यांनीं अनेक वर्षें शस्त्रवैद्यक केलें. २०१३ पर्यंत उन्हाळी वेळ तीन तासांच्याहि खालीं आला.

मग हिवाळ्याचें काय? हिमांत धार चढण्याची विद्या ब्रिटनला अपरिचित नव्हती. बेन नेव्हिस पर्वताची टॉवर नामक सोंड कोली आणि त्यांचे सोबती १८९४ च्या मार्चमध्येंच बर्फांतून चढून गेले होते. पण बेन नेव्हिसवर बर्फ महिनोन्महिने टिकतो. स्कायला समुद्राची ऊब लागते. आज पडलेलें हिम उद्यां पावसानें धुवून निघतें. आणि ताजें, भुसभुशीत हिम तर खडक झांकून वाट बुजवितें, पायाला मात्र आधार देत नाहीं. भरपूर हिम पडावें, तें थोडें वितळावें, मग कडक थंडीनें दगडासारखें गोठावें, आणि त्यानंतर वारा निमूट राहावा, असा योग कांहीं हिवाळ्यांत येतच नाहीं. आला तरी जानेवारीअखेरचा दिवस कसाबसा आठ तासांचा. यावरून दिसतें कीं हिवाळी धारेची मुख्य अडचण बळाची नव्हती. योग्य दिवसाची वाट पाहण्याची होती.

कांहीं प्रयत्न फसल्यानंतर ३१ जानेवारी १९६५ रोजीं टॉम पेटी, हॅमिश मॅकिनिस, ब्रायन रॉबर्टसन आणि डेव्ही क्रॅब यांना तो दिवस सांपडला. पेटी हे उलापूलचे डॉक्टर, तर मॅकिनिस हे पर्वतांतील जखमींना वाहून नेणाऱ्या डोलीच्या सुधारणेबद्दल पुढें नांवाजलेले. त्यांनीं दिशा उलटी धरली. उन्हाळ्यांत चढणारा दक्षिणेकडून येतो आणि कडे हातांनीं चढतो. हे उत्तरेकडून निघाले, म्हणजे बर्फानें मढलेले बरेचसे कडे दोरावरून उतरतां आले. लोखंडी दांत्यांचे जोडे, बर्फाची कुऱ्हाड आणि दोर हीच त्यांची सामग्री. अंधार पडला तेव्हां ते धारेवरच होते. रात्र त्यांनीं तेथेंच काढली. दुसऱ्या दिवशीं शेवटचें शिखर मागें टाकून चौघेहि ग्लेन ब्रिटलच्या दरींत उतरले. ५४ वर्षांपूर्वीं जूनच्या पहाटे शॅडबोल्ट आणि मॅक्लॅरन निघाले होते, ते याच दरींतून.