वरचा ठिपका, खालचा ठिपका

आपल्या भोपाळच्या मराठी घरांतले गणपती, नाटकं, हळदीकुंकू यांच्यावर पुष्कळ लिहून झालं. आज मासिकांबद्दल लिहिते. तेही गाण्याच्या.

१९९७ साली मी इथेच पत्रकारिता शिकत होते. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एका मासिकाची डमी करायची होती : मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, एक मुलाखत आणि मधलं जोडपान. बहुतेकांनी सिनेमा नाही तर क्रिकेट घेतलं. मी शास्त्रीय संगीत घेतलं, कारण सामान घरात तयार होतं. १९५६ साली भोपाळ राजधानी झालं आणि ग्वाल्हेर, इंदूर, नागपूरहून सरकारी नोकरांची बिऱ्हाडं इथे आली, त्यांत आजोबांचं एक. ग्वाल्हेरहून आणलेल्या ट्रंकेत ‘संगीत कला विहार’चे अंक दोऱ्याने शिवून ठेवलेले होते.

माझ्या जोडपानावर एक बंदिश स्वरलिपीसकट यायची होती. सगळं काम अडलं ते तिथेच. एम. पी. नगरातल्या डीटीपीवाल्याकडे पेजमेकर होतं, हिंदी फॉन्ट होते, पण ‘नि’च्या बरोब्बर खाली ठिपका, कोमल ‘रे’खाली आडवी रेघ, तीव्र ‘म’वर उभी रेघ आणि एका मात्रेतल्या दोन स्वरांखाली चंद्रकोर हे सगळं एका ओळीत बसेना. तो म्हणाला, “को खां, ये बिंदी नीचे नहीं बैठेगी, हाथ से लगा लो.” मग अक्षरांचं प्रिंट काढलं, वर बटर पेपर ठेवला आणि रॉटरिंग पेनने चिन्हं हाताने भरली. चार ओळींना दोन संध्याकाळी लागल्या.

ते पान आजीला दाखवलं. आजी गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा झालेली. तिने चष्मा लावला आणि गुणगुणायला लागली. शेजारच्या काकू ग्वाल्हेरला भातखंडे पद्धतीने शिकलेल्या, त्यांनीही सूर लावला. एकाच ओळीवर काकू तार सप्तकात चढल्या आणि आजी मंद्रात उतरली! दोघी थांबल्या, एकमेकींकडे बघून हसल्या. कारण साधं होतं. भातखंडे पद्धतीत स्वरावरचा ठिपका म्हणजे तार सप्तक, खालचा म्हणजे मंद्र. पलुस्कर पद्धतीत मंद्राचा ठिपका वर येतो आणि तार सप्तकाला उभी रेघ असते. समेची खूण एकीकडे फुली, दुसरीकडे १ चा आकडा. खाली एकीकडे शून्य, दुसरीकडे अधिकची खूण. काकूंच्या पद्धतीने लिहिलेलं पान आजी आपल्या पद्धतीने वाचत होती, एवढंच. मी पानाच्या डोक्यावर चिन्हांचा खुलासा करणारी छोटी चौकट टाकली.

पण त्या निमित्ताने मी आजोबांची ट्रंक नीट चाळली आणि एक गोष्ट लक्षात आली, जी आजवर मनातून गेलेली नाही.

‘संगीत कला विहार’ १९४७ साली सुरू झालं. संपादक प्रा. बी. आर. देवधर. देवधर हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि तिथून ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिक चालवलं, तेही हिंदीत. कुरुंदवाडचा माणूस, लाहोरचं गाव, हिंदी मासिक! पलुस्करांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. ते गाणं शिकायला आपल्या ग्वाल्हेरला आले, वासुदेवबुवा जोशींपाशी राहिले आणि पुढे मुंबईत त्यांनी ‘संगीत दर्पण’ नावाचं मासिक काढलं. म्हणजे गुरू, शिष्य आणि त्याचा शिष्य, तिघांनीही मासिक काढलं. या परंपरेत बंदिशीबरोबर छापखानाही वारशाने आला म्हणायचा!

यात एवढं विशेष काय, असं कुणी म्हणेल. ज्या काळात चीज म्हणजे घरातला दागिना होता, तो काळ आठवा. वर्षानुवर्षं गुरूच्या घरी पाणी भरल्यावर एखादी बंदिश मिळायची, अंतरा मिळेलच असं नाही. अशा दिवसांत चीज छापून टपालाने कुणाही वर्गणीदाराच्या घरी पाठवणं म्हणजे तिजोरीची किल्ली चौकात टांगणं. भातखंड्यांनी क्रमिक पुस्तकांतून तेच केलं आणि बोलणी खाल्ली. पलुस्करांनी तर याच कामापायी कर्ज डोक्यावर घेतलं. मुंबईतली विद्यालयाची इमारत शेवटी लिलावात गेली. आजी सात मुलांच्या संसारातून उठून मध्यमेला बसू शकली, ती कुणा घराण्यातली होती म्हणून नव्हे. छापलेलं पान तिच्यापर्यंत पोचलं म्हणून.

ही साखळी आपल्या दारापर्यंत येते. देवधरांचे शिष्य कुमार गंधर्व १९४८ साली देवासला आले आणि तिथेच राहिले. त्यांनी ‘अनूपरागविलास’मध्ये आपल्या बंदिशी स्वरलिपीसह छापल्या. पुढे १९८२ साली मोठ्या तळ्याच्या काठी भारत भवन उभं राहिलं, आणि आपल्यापैकी कितीतरी जणांनी गाणं समोर बसून ऐकलं ते तिथेच.

माझ्या डमीला बरे गुण मिळाले आणि ती माळ्यावर गेली. मासिक काही निघालं नाही. पण ते पान हाताने भरताना कळलं, की एकेका ठिपक्यामागे कुणीतरी ठरवलेलं असतं की हे सगळ्यांना वाचता यायला हवं.

आता एक विनंती. आपल्यातली बरीच जुनी घरं सध्या फ्लॅटमध्ये जाताहेत आणि ट्रंका रिकाम्या होताहेत. मागच्या दिवाळीत एका ओळखीच्या घरातून चाळीस वर्षांचे संगीताचे अंक रद्दीत गेले, किलोच्या भावाने. मुलांना गाणं येत नसलं तरी हरकत नाही, अंक ठेवा. ठेवणं शक्यच नसेल तर माधवराव सप्रे संग्रहालयाला विचारून बघा. १९८४ पासून ते भोपाळमध्ये जुनी वर्तमानपत्रं आणि मासिकं सांभाळतंय. ज्यांचं नाव त्याला आहे ते सप्रेही आपलेच. मराठी घरातले, आणि १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढणारे.

तुमच्या घरी ‘संगीत कला विहार’, हाथरसचं ‘संगीत’ किंवा कुणाची हाताने लिहिलेली बंदिशींची वही असेल, तर खाली जरूर लिहा. कुठल्या सालची आहे तेही सांगा. आणि हो, ठिपका वर आहे की खाली, तेवढं बघून सांगा!