कुत्र्यांचा कच्चा आहार आणि कोरडे खाद्य

पाळीव कुत्र्याला न शिजवलेले मांस, हाडे आणि काळीज, वजडी यांसारखे अवयव खाऊ घालण्याच्या पद्धतीस कच्चा आहार असे म्हणतात. धान्य, मांसचूर्ण, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे व खनिजे एकत्र करून कारखान्यात उष्णता व दाब यांच्या साहाय्याने बनवलेल्या दाण्यांना कोरडे खाद्य म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोरडे खाद्य जगभर रूढ झाले. १९९० च्या दशकापासून त्याची प्रतिक्रिया म्हणून कच्च्या आहाराचा पुरस्कार होऊ लागला. या दोहोंपैकी कोणता आहार श्रेयस्कर, हा प्रश्न केवळ कुत्र्याच्या प्रकृतीपुरता मर्यादित नाही. कुत्रा ज्या घरात राहतो त्या घरातील लहान मुले, वृद्ध, गर्भवती स्त्रिया व आजारी माणसे यांच्या आरोग्याशीही तो निगडित आहे.

जीवशास्त्रीय पार्श्वभूमी

कुत्र्याचे वर्गीकरण मांसभक्षक गणात केले जात असले, तरी आहाराच्या दृष्टीने तो मांजराइतका काटेकोर मांसाहारी नाही. वनस्पतींतील बीटा कॅरोटीनपासून 'अ' जीवनसत्त्व तयार करण्याची क्षमता कुत्र्यात आहे; मांजरात ती नाही. कर्बोदकांची कुत्र्याला अनिवार्य गरज नसते, मात्र शिजवलेला स्टार्च तो चांगल्या प्रकारे पचवतो.

स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लांडगे व कुत्रे यांच्या जनुकसंचाची तुलना केली. स्टार्चचे विघटन करणाऱ्या अमायलेज या विकराशी संबंधित जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती आढळल्या, तर कुत्र्यांत त्या ४ ते ३० पर्यंत होत्या. माणसाच्या सहवासात, त्याच्या अन्नाच्या उरल्यासुरल्या भागावर जगताना कुत्र्याच्या पचनसंस्थेत हा बदल घडला असावा, असा निष्कर्ष त्यातून काढण्यात आला. त्यामुळे 'कुत्रा म्हणजे घरात राहणारा लांडगाच' हे कच्च्या आहाराच्या बाजूने केले जाणारे विधान अंशतःच खरे ठरते.

इतिहास

कोरडे खाद्य : जेम्स स्प्रॅट या अमेरिकी व्यावसायिकाने १८६० च्या सुमारास लंडनमध्ये कुत्र्यांसाठी बिस्किटे विकण्यास प्रारंभ केला. गोदीवरील कुत्री जहाजावरची कडक बिस्किटे खाताना पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. गहू, भाज्या, बीट व मांस यांपासून ही बिस्किटे बनत. 'क्रफ्ट्स' या प्रसिद्ध श्वानप्रदर्शनाचे संस्थापक चार्ल्स क्रफ्ट हे तरुणपणी स्प्रॅटच्याच व्यवसायात नोकरीस होते. १९२० च्या दशकात अमेरिकेत घोड्याच्या मांसाचे डबाबंद खाद्य लोकप्रिय झाले. दुसऱ्या महायुद्धात कथिलाचा पत्रा दुर्मीळ झाल्याने डबाबंद खाद्य मागे पडले आणि कोरड्या खाद्यास मागणी आली. न्याहारीचे धान्यपदार्थ बनवण्यासाठी वापरले जाणारे एक्स्ट्रूडर हे यंत्र १९५० च्या दशकात या उद्योगात आले. १९५७ मध्ये प्युरिना कंपनीचे या पद्धतीने बनवलेले खाद्य बाजारात आले आणि आज परिचित असलेले फुगीर दाणे रूढ झाले.

कच्चा आहार : ऑस्ट्रेलियातील पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांचे 'गिव्ह युअर डॉग अ बोन' हे पुस्तक १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी मांडलेली पद्धती 'बार्फ' या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. मांसल कच्ची हाडे, अवयव, अंडी, भाज्या व फळे यांचा तीत समावेश असतो. त्याच देशातील टॉम लॉन्सडेल यांनी २००१ मध्ये 'रॉ मीटी बोन्स' हे पुस्तक लिहून मांसल हाडांवर भर दिला. सुमारे ८० टक्के मांस, १० टक्के हाडे व १० टक्के अवयव अशा प्रमाणाचा 'शिकारसदृश' आहार हा या विचाराचा आणखी एक प्रकार होय. गोठवलेल्या किंवा गोठवून सुकवलेल्या स्वरूपातील तयार कच्चा आहारही आता अनेक देशांत विकला जातो.

कोरड्या खाद्याची निर्मिती

धान्य व मांसचूर्ण बारीक दळून एकत्र केले जाते. त्यावर वाफ व पाणी सोडून कणकेसारखा गोळा तयार होतो. तो एक्स्ट्रूडरमधून जाताना १०० अंश सेल्सिअसच्या वर तापतो आणि मोठ्या दाबाने साच्याच्या छिद्रातून बाहेर पडताच एकदम फुगतो. कापलेले दाणे वाळवून त्यांतील पाण्याचे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी केले जाते. शेवटी त्यांवर चरबी व स्वादद्रव्ये यांचा लेप दिला जातो. या प्रक्रियेत स्टार्च पचनसुलभ होतो आणि बहुतेक रोगजंतू नष्ट होतात. उष्णतेमुळे काही जीवनसत्त्वांचा व लायसिन या अमिनो आम्लाच्या उपलब्धतेचा ऱ्हास होतो. तो गृहीत धरून उत्पादक जीवनसत्त्वे अधिक प्रमाणात मिसळतात. तापवल्यानंतर, म्हणजे वाळवताना, लेप देताना किंवा पिशवीत भरताना जिवाणूंचा पुन्हा शिरकाव होणे हा या पद्धतीतील कच्चा दुवा आहे.

पोषणमूल्यांची तुलना

अमेरिकेतील खाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेने ठरवलेल्या मानकांनुसार, पाणी वगळून उरणाऱ्या शुष्क भागात प्रौढ कुत्र्यासाठी किमान १८ टक्के प्रथिने व ५.५ टक्के स्निग्धांश असावा. वाढत्या वयाची पिल्ले आणि गर्भवती व दूध पाजणाऱ्या कुत्र्या यांच्यासाठी ही प्रमाणे अनुक्रमे २२.५ व ८.५ टक्के आहेत. कॅल्शियम व फॉस्फरस यांचे परस्पर प्रमाण १:१ ते २:१ या मर्यादेत असणे आवश्यक मानले जाते.

वेष्टनावरील आकड्यांची तुलना करताना पाण्याचा अंश वगळावा लागतो. उदाहरणार्थ, १० टक्के पाणी व २७ टक्के प्रथिने असलेल्या कोरड्या खाद्याच्या शुष्क भागात २७ ÷ ९० म्हणजे ३० टक्के प्रथिने असतात. ७० टक्के पाणी व १८ टक्के प्रथिने असलेल्या कच्च्या मांसमिश्रणात हेच प्रमाण १८ ÷ ३० म्हणजे ६० टक्के येते. वेष्टनावर कमी दिसणारा आकडा प्रत्यक्षात दुप्पट असू शकतो.

मात्र प्रथिने भरपूर असणे म्हणजे आहार संतुलित असणे नव्हे. नुसत्या मांसात फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम अत्यल्प असते. हाडांविना केवळ मांसावर वाढवलेल्या पिल्लाचे शरीर रक्तातील कॅल्शियम टिकवण्यासाठी स्वतःच्या हाडांतून ते काढून घेते. परिणामी हाडे ठिसूळ होऊन वाकतात किंवा मोडतात. घरी योजलेल्या कच्च्या तसेच शिजवलेल्या आहारांत कॅल्शियम, जस्त, आयोडीन, 'ड' व 'ई' जीवनसत्त्व यांची कमतरता वारंवार आढळते. याउलट काळीज अतिप्रमाणात दिल्यास 'अ' जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो. गळ्याकडील मांसाबरोबर जनावराची थायरॉइड ग्रंथी पोटात गेल्याने कुत्र्याच्या रक्तातील थायरॉइड संप्रेरक वाढल्याची प्रकरणेही नोंदली गेली आहेत.

कच्च्या आहाराचे दावे व पुरावे

कच्चा आहार चवदार व सुपाच्य असतो आणि त्यामुळे विष्ठेचे प्रमाण कमी होते, या दाव्यास प्रयोगांचा आधार आहे. आतड्यांतील सूक्ष्मजीवसृष्टी आहारानुसार बदलते हेही दिसून आले आहे; परंतु तो बदल आरोग्यास हितकारकच असतो, असे त्यावरून सिद्ध होत नाही. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या प्रश्नावलीवर आधारित अभ्यासांत पिल्लूवयात कच्चा आहार मिळालेल्या कुत्र्यांमध्ये त्वचेची अ‍ॅलर्जी व आतड्यांचे जुनाट विकार कमी आढळले. ही माहिती मालकांनी दिलेली असल्याने, आणि कच्चा आहार देणाऱ्या कुटुंबांच्या इतर सवयीही वेगळ्या असू शकत असल्याने, त्यातून सहसंबंध दिसतो, कारण निश्चित होत नाही. कच्च्या आहाराने आयुष्य वाढते, हे दाखवणारा दीर्घकालीन नियंत्रित प्रयोग झालेला नाही.

दातांच्या बाबतीत दोन्ही बाजूंचे दावे तपासून घ्यावे लागतात. साध्या कोरड्या दाण्यांनी दात लक्षणीय स्वच्छ होत नाहीत. त्यासाठी विशिष्ट रचनेचे दाणे लागतात. कच्ची हाडे चघळल्याने दातांवरील कीटण कमी होते, असे बीगल जातीच्या कुत्र्यांवरील एका लहान अभ्यासात दिसले. तथापि हाडांमुळे दाढा तडकणे, अन्ननलिकेत तुकडा अडकणे व आतड्यात अडथळा निर्माण होणे हे धोके संभवतात. शिजवलेली हाडे ठिसूळ होऊन त्यांच्या अणकुचीदार चिरफळ्या निघतात, म्हणून ती देऊच नयेत, यावर दोन्ही पक्षांचे एकमत आहे.

जिवाणू व परजीवी यांचा धोका

कच्च्या आहारावरील सर्वांत गंभीर आक्षेप संसर्गाचा आहे. कॅनडातील २००२ च्या एका लहान अभ्यासात कच्च्या कोंबडीवर आधारित आहाराच्या ८० टक्के नमुन्यांत आणि तो खाणाऱ्या कुत्र्यांच्या विष्ठेच्या ३० टक्के नमुन्यांत साल्मोनेला जिवाणू आढळले. नेदरलँड्समध्ये २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाजारातील ३५ गोठवलेली कच्ची उत्पादने तपासण्यात आली. त्यांपैकी १९ मध्ये लिस्टेरिया, ७ मध्ये साल्मोनेला, तर २८ मध्ये महत्त्वाच्या प्रतिजैविकांना दाद न देणारे ई. कोलाय जिवाणू सापडले.

निरोगी कुत्रा साल्मोनेला शरीरात बाळगूनही आजारी दिसत नाही, पण विष्ठेतून तो पसरवत राहतो. त्यामुळे कुत्रा ठणठणीत आहे, एवढ्यावरून आहार सुरक्षित ठरत नाही. मांस हाताळणारे हात, विळी, ओटा, कुत्र्याचे ताटले आणि माणसाचे तोंड चाटणारी त्याची जीभ हे संसर्गाचे मार्ग आहेत. इंग्लंडमध्ये २०१७ साली ई. कोलाय ओ१५७ या घातक जिवाणूच्या चार रुग्णांचा संबंध कच्च्या श्वानखाद्याशी असल्याचे आढळले. त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला. मेलबर्न विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात कच्ची कोंबडी, विशेषतः तिच्या माना, खाणाऱ्या कुत्र्यांमध्ये मज्जातंतूंच्या एका प्रकारच्या पक्षाघाताचा धोका अधिक दिसला. कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू त्यामागे असावा, असे संशोधकांचे मत आहे.

पुरेसा काळ खोल गोठवल्यास मांसातील अनेक परजीवी मरतात. जिवाणू मात्र गोठवल्याने मरत नाहीत, ते निद्रिस्त राहतात. अमेरिकन पशुवैद्यकीय संघटनेने २०१२ मध्ये, रोगजंतू नष्ट करण्याची प्रक्रिया न केलेले प्राणिजन्य अन्न कुत्र्या-मांजरांना देऊ नये, असे धोरण स्वीकारले.

कोरड्या खाद्याशी संबंधित घटना

कोरडे खाद्यही सर्वस्वी निर्धोक नाही. अमेरिका व कॅनडा येथे २०१२ मध्ये एका कारखान्यातील कोरड्या खाद्यामुळे ४९ माणसांना साल्मोनेलाची बाधा झाली. धान्यावरील बुरशीपासून निर्माण होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताचा नाश करते. त्याने दूषित झालेल्या खाद्यामुळे कुत्री दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळल्याचे उघड झाले. या रसायनातील नायट्रोजनमुळे चाचणीत प्रथिनांचे प्रमाण फुगवून दिसते. मूत्रपिंडे निकामी होऊन अनेक कुत्री-मांजरे मेली. मात्र ते खाद्य प्रामुख्याने ओल्या स्वरूपाचे होते. २०१८ पासून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने धान्यविरहित, वाटाणा-मसूर यांसारखी कडधान्ये अधिक असलेले खाद्य आणि हृदयाचे स्नायू प्रसरण पावण्याचा विकार यांच्या संभाव्य संबंधाची चौकशी केली. कार्यकारणसंबंध निश्चित झालेला नाही. याशिवाय कोरड्या खाद्यात थोड्या आकारमानात बरीच ऊर्जा सामावलेली असल्याने, न मोजता दिल्यास लठ्ठपणा येतो.

भारत व महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात कुत्र्याचा परंपरागत आहार म्हणजे घरातील भाकरतुकडा, दूध किंवा ताक आणि क्वचित मांसाचे उरलेले तुकडे. हा आहार कच्चाही नव्हे आणि कारखान्यातलाही नव्हे. ज्वारी-बाजरीच्या प्रथिनांत लायसिन कमी असते. त्यामुळे केवळ भाकरीवर वाढणाऱ्या पिल्लाची प्रथिनांची गरज भागत नाही; अंडी, मासळी किंवा मांस यांची जोड दिल्यास ही उणीव भरून निघू शकते. शहरांत कोरडे खाद्य रूढ झाले आहे. दुकानात मोठ्या पोत्यातून सुटे विकले जाणारे खाद्य घेतल्यास उत्पादनाची तारीख व तुकडी क्रमांक ग्राहकाला कळत नाही. शिवाय पावसाळ्यातील दमट हवेत उघड्या खाद्याला बुरशी लवकर लागते.

भारतात कच्च्या आहाराच्या संदर्भात हायडॅटिड रोग विशेष महत्त्वाचा आहे. शेळ्या, मेंढ्या व गुरे यांच्या यकृतात वा फुप्फुसात या परजीवीच्या पाण्याने भरलेल्या गाठी असतात. कत्तलखान्यातील असे अवयव कच्चे खाल्ल्यास कुत्र्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि माणसाच्या पोटात गेल्यास त्याच्या यकृतात व फुप्फुसात तशाच गाठी होतात; त्यांवर अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते. अवयव पूर्ण शिजवणे व कुत्र्याला पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमित जंतनाशक देणे, हे त्यावरील उपाय आहेत.

घ्यावयाची काळजी

कोरडे खाद्य वयानुसार निवडावे, मोजून द्यावे, मूळ पिशवीतच कोरड्या जागी बंद ठेवावे आणि सोबत स्वच्छ पाणी सदैव उपलब्ध असावे. कुबट वास येणारे किंवा ओलसर झालेले खाद्य टाकून द्यावे. कच्चा आहार द्यायचाच असल्यास पोषणतज्ज्ञ पशुवैद्याकडून प्रमाणे ठरवून घ्यावीत, मांसासाठी वेगळी सुरी व पाट ठेवावा, गोठवलेले मांस शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात वितळू द्यावे, उरलेले लगेच उचलावे आणि हात साबणाने धुवावेत. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध, गर्भवती किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेली व्यक्ती घरात असल्यास कच्चा आहार टाळावा, असे तज्ज्ञ सुचवतात. शिजवलेला घरगुती आहार हा तिसरा पर्याय संसर्गाचा धोका कमी करतो. मात्र त्यातही कॅल्शियम व इतर पूरके मोजून घालावी लागतात. आहार कोणताही असो, कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट व झायलिटॉल हे पदार्थ कुत्र्यास विषारी आहेत. नवा आहार सुरू करताना तो जुन्यात थोडा थोडा मिसळत साधारण आठवडाभरात बदल पूर्ण करावा.